ऑब्लिव्हियन भारी की ओव्हररेटेड? सारखे सारखे येणारे प्रश्न

द एल्डर स्क्रोल्स ४: ऑब्लिव्हियन या व्हिडिओ गेमबद्दल लोक जे प्रश्न परत परत पाठवतात ते इथे एकत्र केलेत. सोपे आधी, किचकट शेवटी. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जिथं दुसऱ्या उत्तराशी संबंध येतो तिथं त्याचा नंबर दिलाय. मतं माझी आहेत, पण ज्यांना हा गेम आवडत नाही त्यांचं म्हणणंही नीट मांडलंय, कारण त्यांच्या बहुतेक तक्रारी खऱ्या आहेत.

१. हा गेम नक्की कुठला, २००६ चा की २०२५ चा?

दोन्ही. मूळ गेम बेथेस्डा कंपनीने मार्च २००६ मध्ये पीसी आणि एक्सबॉक्स ३६० वर काढला, प्लेस्टेशन ३ वर तो २००७ मध्ये आला. याच मालिकेतला आधीचा मॉरोविंड २००२ चा, नंतरचा स्कायरिम २०११ चा. मग २२ एप्रिल २०२५ ला रिमास्टर, म्हणजे त्याच गेमची नव्या चित्रांची आवृत्ती, आला, ज्या दिवशी जाहीर केला त्याच दिवशी विकायलाही काढला. तो व्हर्चुओस नावाच्या स्टुडिओने बेथेस्डाबरोबर बनवलाय, चित्रं अनरियल इंजिन ५ वर चालतात पण क्वेस्ट (खेळाडूला मिळणाऱ्या कामगिऱ्या), माणसांचं वागणं, आकडेमोड हे सगळं आत जुन्याच इंजिनवर चालतं. म्हणून जुन्या गेमबद्दलचे जवळजवळ सगळे वाद नव्यालाही लागू पडतात.

गोष्ट थोडक्यात अशी की तुम्ही तुरुंगात आहात, तुमच्याच कोठडीतल्या चोरवाटेने सम्राट उरिएल सेप्टिम जीव वाचवून पळत असतो, पुढे त्याचा खून होतो आणि मरायच्या आधी तो एक ताईत तुमच्या हातात ठेवतो. गादीला वारस नाही म्हणून ऑब्लिव्हियन नावाच्या राक्षसी जगाची दारं सायरोडिल प्रांतात उघडायला लागतात. तुरुंगाच्या गटारातून बाहेर आलात की कुठं जायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं.

२. निम्मे लोक म्हणतात आयुष्यातला बेस्ट गेम, निम्मे म्हणतात काही दम नाही. खरं कोण बोलतंय?

दोघंही, पण दोघं गेमच्या वेगवेगळ्या भागांबद्दल बोलतायत. माझं ठाम मत असं आहे की ऑब्लिव्हियनमध्ये जे कुणीतरी बसून हाताने लिहिलंय ते अप्रतिम आहे, आणि जे सिस्टीमने आपोआप भरलंय ते बऱ्याच ठिकाणी कच्चं आहे. गिल्डच्या (संघटनांच्या) क्वेस्ट, गावागावातली छोटी प्रकरणं, शिव्हरिंग आयल्स हे एक्स्पान्शन (प्रश्न १३) ही पहिल्या प्रकारात येतात. गुहा, किल्ले, ऑब्लिव्हियनची दारं आणि शत्रूंची ताकद ठरवण्याची पद्धत ही दुसऱ्या प्रकारात.

आता ज्याने पहिले वीस-तीस तास डार्क ब्रदरहूड आणि थीव्ह्ज गिल्डमध्ये (दोन्ही प्रश्न ६ मध्ये) घालवले तो या गेमच्या प्रेमात पडणारच, आणि ज्याने तेवढेच तास मेन स्टोरी आणि रस्त्यात दिसेल ती गुहा यात घालवले तो वैतागणारच. दोघांनी गेम तेवढाच खेळलाय आणि दोघांचा अनुभव खरा आहे. म्हणून कुणी शिव्या घातल्या तर मी आधी विचारतो की बाबा तू नेमकं केलंस काय.

समीक्षकांनी तेव्हा डोक्यावर घेतला होता, समीक्षांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक साइटवर १०० पैकी ९४ आहे. पण समीक्षा घाईत लिहिल्या जातात आणि प्रश्न ७ मधली अडचण लेव्हल वाढल्यावरच जाणवते, हेही लक्षात ठेवा.

३. मी स्कायरिम भरपूर खेळलोय. मागे जाऊन हा खेळू का?

खेळा, पण स्कायरिमची अपेक्षा ठेवून नको. स्कायरिमची भटकंती जास्त चांगली आहे, प्रत्येक गुहेला काहीतरी वेगळी ओळख आहे, मारामारी बरी आहे. ऑब्लिव्हियनच्या क्वेस्ट जास्त चांगल्या आहेत आणि यावर स्कायरिमचे चाहतेसुद्धा फारसे भांडत नाहीत. स्कायरिममध्ये गिल्डचा प्रमुख व्हायला फार वेळ लागत नाही, इथं मेजेस गिल्डमध्ये, म्हणजे जादूगारांच्या संघटनेत, आधी सात शहरांतल्या सात शाखांची शिफारसपत्रं मिळवायची तेव्हा कुठं आर्केन युनिव्हर्सिटीत पाय ठेवता येतो. काहींना हे रेंगाळलेलं वाटतं. मला ते आवडतं, कारण प्रत्येक शाखेत एक वेगळी कटकट वाढून ठेवलेली असते आणि वरची जागा कमावल्यासारखी वाटते.

जादूचा विषय वेगळा आहे, तो प्रश्न १० मध्ये.

४. मॉरोविंडवाले या गेमवर एवढे का खार खाऊन असतात?

कारण त्यांच्या हातातून खरंच बऱ्याच गोष्टी गेल्या. भाले गेले, मध्यम वजनाचं चिलखत गेलं, हवेत तरंगायची जादू गेली (शहरं वेगळी लोड होतात, वरून उडून आत गेलात तर शहर रिकामं दिसलं असतं). कंपासवर बाण आला, नकाशावर क्लिक केलं की शहरात पोचणं आलं. आणि महत्त्वाच्या पात्रांना मारता येईना, ती बेशुद्ध पडतात आणि थोड्या वेळाने कपडे झटकून उठतात. मॉरोविंडमध्ये कुणालाही मारता यायचं, गोष्ट तुटली तर तुमची जबाबदारी.

त्याहून मोठं दुखणं जगाचं आहे. जुन्या एल्डर स्क्रोल्समध्ये सायरोडिलचं वर्णन घनदाट जंगलाचा प्रदेश असं होतं, आणि मॉरोविंड तर राक्षसी मशरूम, राख आणि भल्यामोठ्या किड्यांच्या पाठीवरून प्रवास असं पूर्ण परकं जग. त्यानंतर ऑब्लिव्हियनमध्ये हिरवी कुरणं, दगडी चर्च आणि युरोपातल्यासारखी गावं आली. ते म्हणतात की जे वेगळेपण होतं तेच घालवलं. मला हे पटतं. सायरोडिल सुंदर आहे, पहाटे धुक्यातून राजधानी इंपीरियल सिटीचा मनोरा दिसतो तेव्हा थांबून बघत राहावंसं वाटतं, पण ते ओळखीचं सौंदर्य आहे.

त्यांची एक तक्रार मात्र मला पटत नाही, ती प्रश्न ११ मध्ये घेतलीय.

५. मेन स्टोरी खरंच एवढी बोअर आहे का?

सुरुवात जबरदस्त, शेवट दणक्यात, मधला भाग रटाळ. क्वॅच शहर जळतंय, आभाळ लाल झालंय, वाचलेले लोक रस्त्याच्या कडेला तंबूत बसलेत आणि तुम्हाला आत घुसायचंय, ही क्वेस्ट पहिल्यांदा खेळताना अंगावर काटा येतो. त्यानंतर तशीच दारं पुन्हा पुन्हा बंद करायची. आतले नकाशे मोजकेच आहेत, तेच लाव्हाचे तलाव, तेच मनोरे, वर चढा आणि तिथला सिजिल स्टोन उचला, की दार बंद. तिसऱ्या-चौथ्या दारानंतर पुढे काय येणार ते पाठ होतं.

चाहते म्हणतात की सगळी दारं बंद करायची सक्ती कुठाय, आणि ते बरोबर आहे. ब्रूमा शहराच्या लढाईसाठी मदत गोळा करायला प्रत्येक शहराबाहेरचं दार बंद करावं लागतं, पण ती क्वेस्ट सोडून देता येते, मदत कमी मिळते एवढंच. रस्त्यावर उगवणारी बाकीची दारं दिसली की बाजूने निघून जा.

आणखी एक, या गोष्टीचा खरा नायक तुम्ही नाही, मार्टिन आहे. क्वॅचच्या देवळातला साधा पुजारी, त्याला कळतं की आपण सम्राटाचा मुलगा आहोत. काही खेळाडूंना हे खटकतं, सगळी कामं आपण करायची आणि मोठा तो. मला ही या गोष्टीची सगळ्यात चांगली बाजू वाटते. जग वाचवणारा निवडलेला वीर असण्यापेक्षा त्या माणसाच्या शेजारी उभं राहणं जास्त लक्षात राहतं.

६. मग नेमकं खेळू काय? कुठून सुरुवात करू?

मेन स्टोरीत क्वॅच लवकर उरका (का ते प्रश्न ७ मध्ये), नाहीतर ती अजिबातच सुरू करू नका. सम्राटाने दिलेला ताईत वेनॉन प्रायोरी या मठातल्या जोफ्रेकडे पोचवलाच नाही तर रस्त्यावर दारं उगवत नाहीत, बरेच जुने खेळाडू मुद्दाम तसंच खेळतात.

डार्क ब्रदरहूड, म्हणजे मारेकऱ्यांची संघटना, हिच्यात जायला एका निरपराध माणसाचा खून करून झोपायचं, मग ल्युसियन लशान्स उशाशी येऊन उभा राहतो. यातली समिटमिस्ट मॅनरची क्वेस्ट तर ज्यांना बाकी गेम आवडत नाही तेसुद्धा मान्य करतात. स्किनग्रॅडमधलं एक बंद घर, आत पाच पाहुणे, त्यांना सांगितलंय की घरात सोन्याची पेटी लपवलीय आणि ती सापडेपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही. तुम्ही सहावे पाहुणे म्हणून आत जाता आणि कुणाला न दिसता एकेकाला संपवायचं असतं. एक दारूडा नॉर्ड, एक खवचट ब्रेटन बाई (ही या जगातल्या वंशांची नावं), एक निवृत्त सैनिक, एक श्रीमंत घरचा पोरगा, एक डार्क एल्फ मुलगी. पहिलं प्रेत सापडलं की उरलेले एकमेकांवर संशय घ्यायला लागतात, घाबरलेले तुमच्याजवळच मन मोकळं करतात, तुम्ही त्यांना कुणाविरुद्ध भडकवू शकता. तलवार न काढता नुसतं बोलण्यात एवढी धाकधूक फार कमी गेममध्ये आहे.

थीव्ह्ज गिल्ड, म्हणजे चोरांची संघटना, सावकाश पेटतं, मधेमधे चोरीचा माल विकून ठरलेली रक्कम जमवावी लागते, पण शेवटची मोठी चोरी त्या सगळ्या वाट बघण्याचं चीज करते.

आणि गावातल्या छोट्या क्वेस्ट सोडू नका. शेडिनहॉलमध्ये एक चित्रकार स्वतःच्याच चित्रात अडकलाय, त्याला आणायला तुम्ही रंगांच्या जगात उतरता आणि तिथल्या रंगवलेल्या ट्रोलांना मारायला तलवारीला टर्पेंटाइन लावता. अॅनव्हिलमध्ये प्रशस्त वाडा फक्त ५,००० सोन्याच्या नाण्यांत मिळतो, घ्या आणि पहिल्या रात्री झोपून बघा.

७. लेव्हल स्केलिंग म्हणजे काय आणि त्यावरून एवढी भांडणं का होतात?

म्हणजे तुमची लेव्हल वाढते तशी जगाचीही वाढते. तुम्ही पहिल्या लेव्हलला असताना जंगलात लांडगे भेटतात, वर गेलात की त्याच जंगलात मिनोटॉर भेटतात. डाकूंची चिलखतंही तुमच्याबरोबर बदलतात.

याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे रस्त्यावरचा लुटारू. तो तुम्हाला अडवतो आणि शंभर नाणी टाक नाहीतर मरायला तयार हो म्हणतो. सुरुवातीला त्याच्या अंगावर साधं चामडं असतं, ठीक आहे. पुढे तोच लुटारू ग्लास नावाचं महागडं चिलखत घालून उभा असतो, त्या चिलखताची किंमत हजारांत, आणि मागतोय अजूनही शंभरच. तिथं जगावरचा विश्वास उडतो. त्याहून वाईट म्हणजे मोठं झाल्याचं समाधानच मिळत नाही, कालपर्यंत ज्याला घाबरलो त्याला आज सहज लोळवला हा आनंद या गेममध्ये फार कमी.

बाजूने बोलणारे म्हणतात की यामुळेच पहिल्या मिनिटापासून कुठल्याही दिशेला जाता येतं, कुठली गुहा तुमच्यासाठी बंद नाही, मेन स्टोरी लेव्हल १ वर पुरी करणारे लोक आहेत. ही मोकळीक खरी आहे आणि ती या पद्धतीशिवाय मिळाली नसती. पण किंमत जास्त मोजली असं मला वाटतं. सगळीकडे तेवढीच मजा म्हणजे कुठंच खास मजा नाही.

व्यवहारात याचे दोन परिणाम. एक, क्वॅच खालच्या लेव्हलला करा. तेव्हा दारातून स्कॅम्प (छोटे राक्षस) येतात, उशिरा गेलात तर डेड्रॉथ (मगरीसारखे मोठे राक्षस) येतात आणि तुमच्या बाजूचे शिपाई भराभर पडतात. दोन, बक्षिसं तुम्ही ज्या लेव्हलला घेता त्या लेव्हलची मिळतात आणि मग तशीच राहतात. चिलरेंड तलवार लवकर घेतली तर तिची कमजोर आवृत्ती कायमची गळ्यात. म्हणजे गेम एकीकडे लवकर कर म्हणतो आणि दुसरीकडे थांब म्हणतो, यावर वैतागणं अगदी रास्त आहे.

८. माझं कॅरेक्टर लेव्हल वाढल्यावर उलटं कमजोर झालंय. असं कसं?

मूळ २००६ च्या गेममध्ये हे होतं. एकूण २१ कौशल्यं, त्यातली सात तुमची मुख्य. मुख्य कौशल्यं मिळून दहा वेळा वाढली आणि तुम्ही झोपलात की लेव्हल वाढते, मग तीन गुण वाढवायला मिळतात आणि कुठला किती वाढेल ते त्या लेव्हलमध्ये काय काय वापरलं यावर ठरतं. ज्याने मजेत खेळून अल्केमी, बोलणं, उड्या मारणं यांवर लेव्हल वाढवली त्याचे गुण थोडेच वाढतात, पण शत्रू पूर्ण लेव्हलने वाढतात. शिवाय प्रत्येक लेव्हलला मिळणारी हेल्थ एन्ड्युरन्स (दमदारपणा) या गुणावर ठरते आणि एन्ड्युरन्स उशिरा वाढवला तर मागचं भरून मिळत नाही.

म्हणून लोक वहीत आकडे मांडून खेळायचे, किंवा जी कौशल्यं कधीच वापरायची नाहीत तीच मुद्दाम मुख्य म्हणून निवडायचे. कुणी कितीही प्रेमाने बचाव केला तरी ही रचना चुकीचीच होती.

रिमास्टरने हे सुधारलंय. आता सगळीच कौशल्यं लेव्हलला धरतात आणि प्रत्येक लेव्हलला १२ गुण हातात मिळतात, ते तीन ठिकाणी मनासारखे वाटायचे (लक मात्र महाग पडतं). नव्यात खेळत असाल तर वही ठेवून द्या.

तात्पुरता उपाय हवा असेल तर डिफिकल्टी कमी करा, त्यात लाज वाटायचं कारण नाही. मूळ गेममध्ये स्लायडर शेवटपर्यंत नेला तर शत्रूचा मार सहापट होतो आणि तुमचा एक षष्ठांश, त्या टोकाला लढाई म्हणजे नुसती कुटाई.

९. गेममधली माणसं इतकी विचित्र का बोलतात? हे मुद्दाम आहे का?

मुद्दाम नाही. त्यामागे रेडियंट एआय नावाची पद्धत आहे. गावातल्या माणसांना दिनक्रम दिलाय, झोपणं, जेवणं, काम, देऊळ, रात्री खानावळ, आणि दोन माणसं समोरासमोर आली की संवादांच्या साठ्यातून वाक्यं उचलून बोलतात. मग एकजण चिखलातल्या खेकड्यांना नावं ठेवतो, दुसरा भलतंच उत्तर देतो आणि दोघं हसतमुखाने निरोप घेतात. त्यात सगळा गेम बोलका, पण आवाज देणारे मोजके, त्यामुळे भिकारी भीक मागताना एका आवाजात बोलतो आणि बातमी सांगताना दुसऱ्याच. टँडिलवे नावाच्या एका बाईच्या संवादात तर रेकॉर्डिंगच्या वेळी ती कलाकार थांबून हे परत घेते म्हणते तेसुद्धा तसंच राहून गेलंय, आणि रिमास्टरमध्येही ते काढलं नाही.

विरोधक म्हणतात की गंभीर प्रसंगाचा पार चुथडा होतो. चाहते म्हणतात हाच तर गेमचा जीव. मी चाहत्यांच्या बाजूने आहे पण कारण वेगळं आहे, मला विनोदापेक्षा त्या दिनक्रमाचं मोल जास्त वाटतं. स्किनग्रॅडमध्ये ग्लार्थिर नावाचा वुड एल्फ भेटतो. तो मध्यरात्री देवळामागे बोलावतो आणि सांगतो की गावातले तीन लोक माझ्यावर पाळत ठेवतायत, तू त्यांच्यावर ठेव. मग तुम्ही खरोखर सकाळी एका बाईच्या घराबाहेर थांबता, ती उठते, देवळात जाते, द्राक्षांच्या मळ्यात राबते, संध्याकाळी परत येते. ती खरंच ग्लार्थिरकडे बघते का? बघितल्यासारखं वाटतं. दोन दिवस मागे फिरलात की तुम्हालाच संशय यायला लागतो. रात्री तुम्ही त्याला जे सांगाल त्यावर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो. हाताने लिहिलेलं आणि सिस्टीमने चाललेलं दोन्ही इथं एकत्र आलंय, आणि गेम पूर्णवेळ असा असता तर त्याच्याबद्दल दोन मतं झालीच नसती.

सम्राटाचा आवाज पॅट्रिक स्टुअर्टचा आणि मार्टिनचा शॉन बीनचा, त्यावर मात्र कुणाचीच तक्रार नाही. आणि बोलून मन वळवायचं ते चक्र, कौतुक, फुशारकी, विनोद, धमकी असं चार पाकळ्यांचं, ते कुणालाच आवडत नाही. चार्मची जादू करा आणि सुटा.

१०. मारामारी कच्ची आहे असं ऐकलं. जादू तरी बरी आहे का?

तलवारबाजी साधीच. मार, अडव, मागे हो. रिमास्टरमध्ये धावणं आलं, घाव लागल्याचं जाणवतं, तरी आजच्या मानाने साधीच. रिमास्टर आला तेव्हा डिफिकल्टीच्या पातळ्यांत ॲडेप्ट फार सोपं आणि एक्स्पर्ट फार अवघड अशी ओरड होती, नंतरच्या अपडेटमध्ये दोन्हीच्या मधली एक पातळी टाकली.

जादू मात्र खरोखर भारी. आर्केन युनिव्हर्सिटीत पोचलात की स्वतःचे मंत्र बनवता येतात, कुठला परिणाम, किती जोराचा, किती सेकंद, किती लांब, सगळं तुम्ही ठरवायचं. स्कायरिममधून हे काढून टाकलं आणि त्याचं दुःख अजून लोक करतात. शिफारसपत्रांची दगदग नको असेल तर फ्रॉस्टक्रॅग स्पायर या मनोऱ्यात पैसे खर्च करून तीच सोय होते.

आक्षेप असा की यातून गेम मोडता येतो. कमेलियन या लपवणाऱ्या जादूचे प्रत्येकी २० टक्के असे पाच कपडे घातले की १०० टक्के अदृश्य, कुणाला दिसतच नाही. हे खरं आहे, आणि माझ्या मते गेम मोडायची अशी वाट शोधून काढणं हा एल्डर स्क्रोल्सचा अर्धा आनंद आहे. नको असेल त्याने चार कपड्यांवर थांबावं.

११. कंपास आणि फास्ट ट्रॅव्हलने मजा जाते का?

प्रश्न ४ मधली राहिलेली तक्रार हीच. कंपासचा बाण माणूस चालता असला तरी त्याच्यावर असतो, त्यामुळे पत्ता विचारत शोधायचा भाग गेला हे खरं. पण फास्ट ट्रॅव्हल वापरायची सक्ती नाही, घोडा आहे, रस्ते आहेत, रस्त्यावर पाट्या आहेत, खानावळी आहेत. एका शहरातून दुसऱ्या शहरात चालत जा, वाटेत दोन-चार गोष्टी घडतातच. ज्याला नोकरी करून रात्री तासभरच खेळायला मिळतो त्याच्यासाठी नकाशावरची क्लिक वरदान आहे. या वादात मी दोन्ही बाजूंना सांगतो की तुमचं तुम्ही ठरवा.

१२. हॉर्स आर्मरचं काय प्रकरण होतं?

एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डाने घोड्याचं चिलखत एक्सबॉक्सवर अडीच डॉलरला विकायला काढलं. खेळाडू भडकले, कारण उपयोग जवळपास फक्त दिसण्यापुरता. आज प्रत्येक गेममध्ये कपडे आणि रंग विकतात तेव्हा जुने खेळाडू याच चिलखताचं नाव काढतात. राग योग्य होता. रिमास्टरच्या डिलक्स आवृत्तीत पुन्हा नवीन घोड्याची चिलखतं दिलीत, त्यावाचून काही अडत नाही, साधी आवृत्ती घ्या.

१३. शिव्हरिंग आयल्स वेगळं विकत घ्यावं लागतं का? आणि कधी खेळायचं?

रिमास्टरच्या साध्या आवृत्तीतही ते आहे, नाईट्स ऑफ द नाइन ही दुसरी जोडकथासुद्धा. मार्च २००७ चं हे एक्स्पान्शन, ब्राव्हिलजवळच्या पाण्यातल्या एका बेटावर दार उघडतं आणि तुम्ही वेडाचा देव शिओगोरॅथच्या राज्यात जाता. अर्धं राज्य रंगीबेरंगी उन्मादाचं, अर्धं काळवंडलेल्या संशयाचं. मॉरोविंडवाल्यांनाही हे आवडतं, कारण जे परकेपण सायरोडिलमध्ये नाही ते इथं ठासून भरलंय. कधीही गेलात तरी चालतं, मी म्हणेन की एक-दोन गिल्ड झाल्यावर जा, लगेच गेलात तर परत आल्यावर सायरोडिल फिकं वाटेल.

१४. मूळ घेऊ की रिमास्टर?

पीसी नवा असेल तर रिमास्टर. प्रश्न ८ मधली सुधारणा एवढ्या एका कारणासाठीही तो घ्यावा. पण सव्वाशे जीबीच्या आसपास जागा लागते, एसएसडी लागते, आणि चांगल्या मशीनवरही मोकळ्या रानात गेम अडखळतो ही तक्रार खरी आहे. काहींना जुने उजळ हिरवे रंग हवेत, नव्यात सगळं जरा मातकट दिसतं म्हणतात. तेही मला पटतं.

साधा लॅपटॉप असेल तर मूळ गेम घ्या, त्यात बिनअधिकृत पॅच टाका. मॉड्सचा (खेळाडूंनी गेममध्ये केलेल्या बदलांचा) शौक असेल तरीही मूळच, कारण त्याला बेथेस्डाचं स्वतःचं मॉडिंगचं साधन आहे आणि रिमास्टरला अधिकृत पाठिंबा नाही. ऑस्कुरोज ऑब्लिव्हियन ओव्हरहॉल हा मॉड प्रश्न ७ वरचं लोकांनीच काढलेलं उत्तर आहे, त्यात जग तुमच्यासाठी थांबत नाही, चुकीच्या गुहेत गेलात तर मार खाता. आणि जर्मनीच्या शुअरएआय या मॉड बनवणाऱ्या गटाने २०१० मध्ये याच इंजिनवर नेहरिम नावाचा जवळजवळ पूर्ण नवा गेम फुकट दिला.

१५. माझं इंग्रजी बेताचं आहे. जमेल का? आणि घरातल्या पोराला देऊ का?

मराठी किंवा हिंदी सबटायटल नाहीत. पण संभाषण सुरू झालं की वेळ थांबतो, सबटायटल सावकाश वाचता येतात, आणि पुढे काय करायचं ते जर्नलमध्ये थोडक्यात लिहून येतं. प्रश्न ११ मधला बाण इथं कामाला येतो. पुस्तकं जड भाषेत आहेत, ती सोडली तरी चालतं.

पोराचं म्हणाल तर शाळकरी वयाला नको. अमेरिकेत आधी याला किशोरांसाठीचं टी रेटिंग होतं, मे २००६ मध्ये ते बदलून १७ वर्षांवरच्यांसाठीचं एम केलं. प्रश्न ६ मधली खुनाची क्वेस्ट वाचलीत तर शाळकरी वयाला का नको ते कळेलच.

१६. मी एकाच वेळी सगळ्या गिल्डचा प्रमुख झालोय. याला काही अर्थ आहे का?

आर्चमेज, फायटर्स गिल्डचा मास्टर, चोरांचा म्होरक्या, मारेकऱ्यांचा लिसनर आणि अरेना या लढायांच्या आखाड्याचा ग्रँड चॅम्पियन, एकच माणूस. गेम कुठंच अडवत नाही. काहींना ही मोकळीक आवडते, एकाच कॅरेक्टरवर सगळं बघता येतं. मला वाटतं की निवड करायला लावली असती तर प्रत्येक गिल्डला वजन आलं असतं. तुम्ही स्वतःच बंधन घाला, चोर एक, जादूगार दुसरा, दोन्ही कॅरेक्टर जास्त लक्षात राहतील.

१७. खून करून नाव खराब झालंय, आता नाईट्स ऑफ द नाइनची पवित्र शस्त्रं अंगावर टिकत नाहीत. बग आहे का?

बग नाही. ती शस्त्रं आणि चिलखत वापरायचं तर तुमची बदनामी जवळजवळ शून्य हवी. थोडी वाढली की ती अंगावरून उतरतात आणि परत घालता येत नाहीत. उपाय म्हणजे नऊ देवांच्या नऊ देवळ्यांची यात्रा पुन्हा करायची, मग बदनामी पुसली जाते. त्यानंतर डार्क ब्रदरहूडचं काम केलंत की परत यात्रा. काही लोक याला छळ म्हणतात. प्रश्न १६ मध्ये जे म्हटलं त्याच्या बरोबर उलटं हे उदाहरण आहे, इथं गेमने तुमच्या वागण्याची दखल घेतली, आणि मला ते हवंच आहे.

१८. अरेनाच्या शेवटच्या लढाईतला प्रतिस्पर्धी ग्रे प्रिन्स हातच उचलत नाही. काय चुकलं?

काही चुकलं नाही. तुम्ही लढाईआधी त्याच्या जन्माचं रहस्य शोधून दिलंय. आपण कुणाचे पुत्र आहोत हे कळल्यावर तो खचतो आणि रिंगणात उतरून मरणाची वाट बघत उभा राहतो. एवढ्या फेऱ्या जिंकून शेवटची लढाई अशी फुकट गेली म्हणून कितीतरी लोक चिडतात. दुसरे म्हणतात की संपूर्ण अरेनात एवढा एकच क्षण खरा आहे. मी दुसऱ्यांच्या बाजूने आहे. लढाईच हवी असेल तर आधीचा सेव्ह लोड करा, ती क्वेस्ट पुरी न करता रिंगणात जा, तो जोरात लढतो आणि जिंकणं सोपं नाही.